व्हर्च्युअल मशीन मॅनेजर उघडताच गोठतो, व्हीएम मात्र चालू आहेत – मदत हवी

वर्गताई

नमस्कार मंडळी,

गिरगावात एका वाचनालयाच्या माडीवर आम्ही संध्याकाळी मुलांना लिनक्स शिकवतो, फी न घेता. लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला एक वापरलेला सर्व्हर आहे. ६४ जीबी रॅम, डेबियन १२, त्यावर केव्हीएम (आभासी यंत्रं चालवायची लिनक्सची सोय). मुलांच्या १४ व्हीएम, म्हणजे आभासी यंत्रं, त्यावर चालतात आणि त्या सांभाळायला आम्ही व्हर्च्युअल मशीन मॅनेजर, म्हणजे व्हर्ट-मॅनेजर वापरतो.

या आठवड्यापासून तो उघडला की ‘कनेक्टिंग’ असं दिसतं आणि तिथेच राहतो. कुठेही क्लिक केलं की खिडकी करडी पडते आणि ‘प्रतिसाद देत नाही’ अशी पाटी येते. बंद करून परत उघडला तरी तेच. मशीन मॅनेजर काढून पुन्हा इन्स्टॉल केला, फरक नाही.

मुलं मात्र आपापल्या व्हीएमवर एसएसएचने (नेटवर्कवरून टर्मिनलने) जातात आणि काम करतात. त्यांना काहीच अडचण नाही. शनिवारी त्यांची प्रात्यक्षिक परीक्षा आहे आणि त्याआधी मला प्रत्येक व्हीएमचा स्नॅपशॉट (आत्ताच्या स्थितीची जतन केलेली नोंद) घ्यायचा आहे. मुलांनी महिनोन् महिने केलेलं काम त्यात आहे, त्यामुळे अंदाजाने काही करून बघायची माझी तयारी नाही. कुठून सुरुवात करू?

सोल्डरगन

ताई, सर्व्हर एकदा रीबूट करून बघा. माझ्याकडे असंच व्हायचं, रीबूटने गेलं.

रात्रपाळीवाला

कृपया रीबूट करू नका! कळकळीने सांगतोय, कारण इथे नेमकं उलटं होऊ शकतं. १४ व्हीएम चालू आहेत, म्हणजे आत्ता सगळ्यात मौल्यवान गोष्ट सुखरूप आहे. रीबूट केलं तर त्या बंद होतील. आणि मूळ अडचण स्टोरेजची असेल (मला तसा वास येतोय), तर सर्व्हर बंद होतानाच मध्ये लटकेल. मग पॉवरचं बटण दाबून धरण्यावाचून पर्याय उरणार नाही, आणि चालू डिस्कवर तसं करणं म्हणजे मुलांच्या कामाशी खेळ.

ताई, आधी एवढं समजून घ्या. व्हर्ट-मॅनेजर ही नुसती खिडकी आहे, पायथनमध्ये लिहिलेली. ती स्वतः कुठलीही व्हीएम चालवत नाही. ती लिबव्हर्टडी नावाच्या सेवेला विचारते, ‘काय काय चालू आहे, डिस्क कुठे आहेत, नेटवर्क कुठलं?’ आणि लिबव्हर्टडी उत्तर देते. प्रत्येक व्हीएम हा क्यूईएमयूचा (व्हीएम प्रत्यक्ष चालवणाऱ्या प्रोग्रामचा) वेगळा प्रोसेस असतो. म्हणून खिडकी मेली, अगदी लिबव्हर्टडी मेली, तरी व्हीएम जिवंत राहतात. तुमच्या मुलांना काही जाणवत नाही ते यामुळेच.

तेव्हा व्हर्ट-मॅनेजर पुन्हा इन्स्टॉल करून काही होणार नाही. तो कोणाच्या तरी उत्तराची वाट बघतोय. ते कोण, हे शोधायचं आहे. टर्मिनल उघडा आणि या तीन आज्ञा रूट म्हणून, एकेक करून द्या (व्हर्श म्हणजे टर्मिनलमधून लिबव्हर्टडीशी बोलायचं साधन):

व्हर्श लिस्ट --ऑल
व्हर्श नेट-लिस्ट --ऑल
व्हर्श पूल-लिस्ट --ऑल

कुठली लगेच परतते आणि कुठली लटकते ते सांगा. लटकलेली कंट्रोल-सीने तोडा.

मुलुंडकर

धागा हायजॅक करत नाही, पण माझंही व्हर्ट-मॅनेजर अडकतं. फेडोरा आहे. कुठल्याशा जुन्या लेखात वाचून लिबव्हर्टडी सुरू केली होती, तेव्हापासून.

रात्रपाळीवाला

मुलुंडकर, तुमचं वेगळं आहे. फेडोरा ३५ पासून एकाच लिबव्हर्टडीऐवजी कामं वाटून दिलेल्या छोट्या सेवा येतात. व्हीएमसाठी व्हर्टक्यूईएमयूडी, नेटवर्कसाठी व्हर्टनेटवर्कडी, स्टोरेजसाठी व्हर्टस्टोरेजडी. जुन्या लेखातली लिबव्हर्टडी त्यांच्याशेजारी सुरू केली की दोघी एकाच कामावर हक्क सांगतात. लिबव्हर्टडी आणि तिचे सॉकेट बंद करून डिसेबल करा, नव्या सेवांचे सॉकेट इनेबल करा. नाहीच जमलं तर वेगळा धागा काढा, तिथे नक्की येतो.

वर्गताई

रात्रपाळीवाला, मनापासून धन्यवाद. तिन्ही आज्ञा दिल्या. पहिली लगेच आली, १४ च्या १४ ‘रनिंग’. दुसरीही लगेच. तिसरी लटकली. बराच वेळ वाट बघून तोडली.

एक गोष्ट अजून. काल संध्याकाळी तर पहिली आज्ञासुद्धा लटकत होती! सकाळी सहकाऱ्याने लिबव्हर्टडी रीस्टार्ट केली तेव्हा ती चालायला लागली.

रात्रपाळीवाला

दोन्ही निरीक्षणं फार मोलाची आहेत. दुसरं आधी घेतो, कारण ते पुष्कळांना चकवतं.

लिबव्हर्टडीकडे आलेली कामं करायला ठरावीक ‘वर्कर’ असतात. मूळ सेटिंगमध्ये जास्तीत जास्त २०. त्यांतला एक स्टोरेजची माहिती आणायला गेला आणि तिकडेच अडकला, तर तो परत येत नाही. तुम्ही व्हर्ट-मॅनेजर फोर्स-क्विट करून पुन्हा उघडता तेव्हा नवा वर्कर त्याच प्रश्नासाठी जातो आणि तोही अडकतो. खिडकी तुम्ही मारता, पण वर्कर तिथेच राहतो. असं करत करत सगळे अडकले की साधी व्हीएमची यादी द्यायलाही कोणी मोकळं उरत नाही. संध्याकाळपर्यंत पहिली आज्ञा लटकली ती म्हणून. तेव्हा आता व्हर्ट-मॅनेजर उघडूच नका.

आता मुख्य मुद्दा. पूल-लिस्ट लटकते, याचा अर्थ तुमच्या स्टोरेज पूलांपैकी (डिस्क, आयएसओ ठेवायच्या जागांपैकी) एक तरी उत्तर देत नाहीये. नेटवर्कवरचा पूल आहे का? एखादा एनएएस (नेटवर्कवरचा डिस्कचा डबा), एनएफएसने (नेटवर्कवरून फाइली वाटायच्या पद्धतीने) जोडलेला?

आणि ही आज्ञा देऊन आउटपुट टाका: पीएस -ईएलओ पीआयडी,टीआयडी,स्टॅट,डब्ल्यूचॅन:३२,कॉम. त्यात स्टॅटच्या रकान्यात ‘डी’ (डिस्क किंवा नेटवर्कची वाट बघत अडकलेल्या) असलेल्या ओळी हव्यात. शिवाय डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांत) ‘एनएफएस’ शब्द शोधा.

वर्गताई

हो, एनएएस आहे. उबुंटू, डेबियन वगैरेंच्या आयएसओ फाइली (इन्स्टॉलेशन सीडीच्या प्रती) त्यावर ठेवल्या आहेत. खालच्या मजल्यावर वाचनालयाच्या कपाटात असतो. व्हीएमच्या डिस्क मात्र सर्व्हरच्या स्वतःच्या एसएसडीवर आहेत.

‘डी’ असलेल्या बऱ्याच ओळी आहेत, सगळ्या लिबव्हर्टडीच्या. डब्ल्यूचॅनच्या रकान्यात ‘आरपीसी_वेट_बिट_किलेबल’. आणि डीमेसेजमध्ये पुन्हा पुन्हा हेच: ‘एनएफएस: सर्व्हर १९२.१६८.१.५० नॉट रिस्पॉन्डिंग, स्टिल ट्रायिंग’.

पण मी त्या पत्त्याला पिंग करून बघितलं, उत्तर व्यवस्थित येतंय. एनएएसचे दिवेही हिरवे आहेत. मग ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ कसं?

सोल्डरगन

पिंग होतंय म्हणजे नेटवर्क ठीक. एनएएसवरची एनएफएस सेवा बंद पडली असेल. एनएएस रीस्टार्ट करा.

जुनाजाणता

ताई, एक प्रश्न विचारतो. हे सुरू होण्याच्या सुमारास तिथे काही बदललं का? वीज, वायरिंग, राउटर, काहीही. बिनमहत्त्वाचं वाटलं तरी सांगा.

वर्गताई

काका, जोराचा पाऊस झाला त्या रात्री वीज बऱ्याचदा गेली-आली. त्यात राउटर जळला. दुसऱ्या दिवशी केबलवाल्याने येऊन नवा बसवून दिला. पण इंटरनेट तेव्हापासून नीट चालू आहे म्हणून मी त्याचा विचारच केला नव्हता.

सोल्डरगनदादा, एनएएस रीस्टार्ट केला. फरक नाही.

जुनाजाणता

हेच कारण, ताई. मुंबईत पावसाळ्यात अशी राउटर-बदल फार होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पुढे कोणाला तरी उपयोग होईल.

जुन्या राउटरने कुठल्या यंत्राला कुठला पत्ता दिला याची नोंद त्याच्याजवळ होती. नव्या राउटरची पाटी कोरी. वीज आल्यावर जो आधी मागेल त्याला तो पत्ता देतो. तुमच्या एनएएसला आता दुसराच पत्ता मिळालेला असणार. आणि १९२.१६८.१.५० हा त्याचा जुना पत्ता राउटरने दुसऱ्या कोणाला तरी दिलेला असणार. पिंगचं उत्तर देतोय तो हा दुसरा. पिंग एवढंच सांगतं की त्या पत्त्यावर कोणीतरी जिवंत आहे. ते आपलंच यंत्र आहे असं पिंग कधीही सांगत नाही.

दोन गोष्टी तपासा. पहिली, त्या पत्त्यावर २०४९ हे पोर्ट उघडं आहे का. एनएफएस तिथे ऐकतं. ‘एनसी -झेडव्ही’ पुढे पत्ता आणि २०४९. दुसरी, ‘आयपी नेबर’ ही आज्ञा द्या आणि १९२.१६८.१.५० पुढे कुठला मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाची स्वतःची ओळख) येतो तो एनएएसच्या मागच्या स्टिकरशी पडताळा.

वर्गताई

काका!! पोर्टवर ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’. आणि मॅक पत्ता स्टिकरवरच्यापेक्षा पूर्ण वेगळा. त्याचं दुसरं अक्षर ‘ई’ आहे, याला काही अर्थ आहे का?

जुनाजाणता

आहे. मॅक पत्त्यातलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो कारखान्यात दिलेला पत्ता नसतो, यंत्राने स्वतः बनवलेला असतो. आजकालचे मोबाइल वायफायवर तसेच पत्ते वापरतात. तुमच्या वर्गातल्या कोणाचा तरी फोन एनएएसच्या जुन्या पत्त्यावर बसलाय, आणि सर्व्हर त्या फोनकडे आयएसओ फाइली मागतोय. त्या मुलाचा यात काही दोष नाही, त्याला उगाच बोलू नका.

आता हे दुरुस्त कसं करायचं ते रात्रपाळीवाल्यांनी सांगावं. लिबव्हर्टमध्ये त्यांचा हात जास्त बसलेला आहे.

रात्रपाळीवाला

काका, राउटरचा प्रश्न तुम्ही विचारला नसता तर मी एनएएसच्या सेटिंगमध्ये शिरलो असतो.

ताई, आता क्रमाने करा. क्रम महत्त्वाचा आहे.

एनएफएस मूळ सेटिंगमध्ये ‘हार्ड’ जोडलेलं असतं. सर्व्हर सापडला नाही तर ते हार मानत नाही, अनंतकाळ विचारत राहतं. डेटा लिहिताना हे योग्यच आहे, अर्धवट लिहिलेली फाइल कोणालाच नको असते. पण लिबव्हर्टडीचे वर्कर अडकले आहेत ते याच हट्टामुळे. नुसतं लिबव्हर्टडी रीस्टार्ट केलं तर ती उठल्याबरोबर तोच पूल परत तपासायला जाईल आणि परत अडकेल. तुमच्या सहकाऱ्याच्या रीस्टार्टने अर्धवटच काम झालं ते म्हणून.

आधी लिबव्हर्टडी थांबवा. तिच्याबरोबर तिचे तीन सॉकेटही (तिला हाक मारायची दारं): लिबव्हर्टडी.सॉकेट, लिबव्हर्टडी-आरओ.सॉकेट, लिबव्हर्टडी-ॲडमिन.सॉकेट. सॉकेट चालू राहिले तर कोणी विचारताक्षणी सेवा परत उठते. थांबायला दीड मिनिटापर्यंत लागेल, घाबरू नका. तेवढा वेळ सिस्टमडी (सेवा सुरू-बंद करणारी व्यवस्था) शांतपणे वाट बघते आणि मग जबरदस्तीने मारते. २००८ मधल्या २.६.२५ कर्नलपासून एनएफएसवर अडकलेला प्रोसेस असा मारता येतो, त्याआधी तेही सहसा शक्य नव्हतं.

लिबव्हर्ट-गेस्ट्स नावाची वेगळी सेवा दिसेल. तिला हातही लावू नका. ती थांबवली तर ती व्हीएम झोपवते किंवा बंद करते.

मग एनएफएसचा माउंट (एनएएस जिथे जोडला आहे ते फोल्डर) सोडवा: ‘यूमाउंट -एफ -एल’ आणि पुढे माउंटची जागा. ‘-एल’ म्हणजे आत्ता नजरेआड कर, उरलेलं मागाहून आवर. यूमाउंटही लटकलाच तर त्यात ‘-सी’ घाला, म्हणजे तो वाट तपासायला जात नाही.

त्यानंतर /ईटीसी/लिबव्हर्ट/स्टोरेज/ऑटोस्टार्ट या फोल्डरमध्ये त्या पूलच्या नावाची सिमलिंक असेल, फक्त ती काढा. मूळ एक्सएमएल फाइल राहू द्या.

आता सॉकेट आणि सेवा सुरू करा आणि पूल-लिस्ट --ऑल द्या. लगेच परतायला हवी. एनएएसचा पूल ‘इनॅक्टिव्ह’ दिसेल.

पुढे कधी पूल थांबवायची वेळ आली तर हे डोक्यात पक्कं ठेवा: पूल-डिस्ट्रॉय फक्त पूल थांबवतं, एकही फाइल जात नाही. पूल-अनडिफाइन त्याची नोंद काढतं. पूल-डिलीट मात्र खरोखर मागचं स्टोरेज उडवतं. शेवटची आज्ञा तुम्हाला इथे कुठेही लागणार नाही.

वर्गताई

झालं! लिबव्हर्टडी थांबायला खरंच वेळ लागला आणि तेवढ्यात माझा जीव खालीवर झाला, पण मुलांच्या व्हीएम सगळ्या जागेवर. एक मुलगा तेव्हा आत काम करत होता, त्याचं एसएसएचसुद्धा तुटलं नाही. पूल-लिस्ट लगेच परतली. व्हर्ट-मॅनेजर पहिल्यासारखा उघडला.

एक अडचण: एक व्हीएम चालू आहे, पण तिचा स्नॅपशॉट घेताना परत थांबून राहतं आणि शेवटी ‘कॅनॉट ॲक्वायर स्टेट चेंज लॉक’ असं येतं. बाकी १३ ठीक आहेत.

रात्रपाळीवाला

त्या व्हीएमच्या सीडी ड्राइव्हमध्ये एनएएसवरची आयएसओ अजून लावलेली असणार. ‘व्हर्श डॉमबीएलकेलिस्ट’ पुढे व्हीएमचं नाव द्या, त्यात दिसेल. क्यूईएमयू स्वतः ती फाइल धरून एनएफएसवर अडकलाय. लिबव्हर्ट कुलपासाठी ३० सेकंद थांबतं आणि मग हा संदेश देतं.

सीडी बाहेर काढायची आज्ञा देऊन बघा, पण क्यूईएमयूच अडकलेला असेल तर ती ऐकली जाणार नाही. मग आधी आत एसएसएचने जाऊन मुलाचं काम दुसरीकडे कॉपी करा. हे आधी, बाकी सगळं नंतर. त्यानंतर एनएएसला त्याचा जुना पत्ता मिळवून द्या. तो परत दिसला की हार्ड माउंट आपोआप पुढे सरकतो, अडकलेला क्यूईएमयूही सुटतो. हट्टाचा हाच फायदा.

जुनाजाणता

आणि तो पत्ता राउटरमध्ये एनएएसच्या मॅकशी बांधून टाका. बहुतेक राउटरमध्ये ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ असतं. त्याआधी त्या फोनचं वायफाय बंद करायला सांगा, नाहीतर एकाच पत्त्यावर दोघे भांडतील. शक्य असेल तर एनएएसवरच स्थिर पत्ता घाला, राउटर वाटतो त्या पट्ट्याच्या बाहेरचा. मग पुढचा राउटर जळला तरी काही बिघडणार नाही. सर्व्हरचंही तेच करा.

वर्गताई

मुलाचं काम आधी कॉपी केलं. मग राउटरमध्ये पत्ता बांधला, सगळ्या मुलांचे फोन वायफायवरून काढले, एनएएस रीस्टार्ट केला. मिनिटभरात ती अडकलेली व्हीएम सुटली, सीडी बाहेर काढली, स्नॅपशॉट झाला. आता १४ च्या १४ स्नॅपशॉट आहेत. परीक्षा झाली की काका म्हणतात तसा स्थिर पत्ता घालणार.

एनएएसचा पूल परत ऑटोस्टार्टवर टाकू का? पुन्हा असं व्हायला नको.

मुलुंडकर

माझंही सुटलं, लिबव्हर्टडी काढून टाकल्यावर. आभार. ताई, एवढ्या कटकटीपेक्षा दुसरंच एखादं टूल बरं नाही का?

रात्रपाळीवाला

मुलुंडकर, दुसरं कुठलंही टूल आणलं तरी खाली मेलेला हार्ड एनएफएस असेल तर तेही अडकेल. ज्याला चालू व्हीएम सोडून वरची सेवा थांबवता येते असं साधन ताईंकडे आहे, ते सोडू नये असं माझं स्पष्ट मत.

ताई, ऑटोस्टार्ट नको. त्यापेक्षा हे करा. तो पूल काढा (अनडिफाइन) आणि एनएएस एफएसटॅबमधून (सुरू होताना काय माउंट करायचं ते लिहिलेल्या फाइलीतून) माउंट करा, या पर्यायांनी: आरओ, सॉफ्ट, टाइमओ=१००, रीट्रान्स=२, नोफेल, _नेटडेव्ह. मग त्या फोल्डरवर साधा ‘डिरेक्टरी’ प्रकारचा पूल बनवा. टाइमओ दशांश सेकंदात असतो, म्हणजे १०० म्हणजे १० सेकंद. दर प्रयत्नाला थांबण्याचा वेळ वाढत जातो, तेव्हा सगळे मिळून मिनिटाच्या आसपास अडखळेल आणि मग चूक दाखवून मोकळं होईल.

सॉफ्ट फक्त इथे चालेल, कारण आयएसओ नुसत्या वाचायच्या आहेत आणि ‘आरओ’ घातलंय. ज्यावर व्हीएमच्या डिस्क आहेत अशा एनएफएसला सॉफ्ट कधीही लावू नका. लिहिताना मध्येच हार मानली तर आतली फाइल सिस्टीम बिघडते.

सोल्डरगन

मी रीबूट सांगितलं होतं, ते या प्रकारात लागू नव्हतं. डीमेसेज आणि ‘डी’ बघण्याची पद्धत टिपून ठेवली.

घरी बोरिवलीहून एसएसएचने व्हर्ट-मॅनेजर जोडतो तेव्हाही गोठतो, लोकलमध्ये हॉटस्पॉटवर असलो की हमखास. ते याच्यात मोडतं का?

रात्रपाळीवाला

नाही, तिथे स्टोरेज नाही, लाइन तुटते. एसएसएचच्या कॉन्फिगमध्ये ‘सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल १५’ घाला, म्हणजे तुटलेली जोडणी लवकर कळते. जोडतानाच गोठत असेल तर बहुधा पासवर्ड विचारणारी खिडकी नसल्याने तो वाट बघत बसलाय. एसएसएच की लावा किंवा आस्कपास पॅकेज टाका. आणि लोकलमधून काम करायचं तर एसएसएचने आत जाऊन व्हर्शच वापरा, चित्रं ओढत आणायची गरजच नाही.

वर्गताई

एफएसटॅबमध्ये सांगितल्याप्रमाणे केलं आणि मुद्दाम एनएएसची केबल काढून बघितली. व्हर्ट-मॅनेजर थोडा वेळ थांबला, मग त्या पूलवर ‘इनपुट/आउटपुट एरर’ दाखवून पुढे चालू झाला. सगळ्या व्हीएम दिसत होत्या. केबल परत लावून पूल रिफ्रेश केला, आयएसओ परत दिसल्या. स्नॅपशॉटची एक प्रत बाहेरच्या डिस्कवरही घेतेय. धागा ‘सुटला’ म्हणून खूण करतेय.